यझदी खोलताना

यझदीचं हेड उतरवून आत डोकावलं, की बुलेटवर हात बसलेला माणूसही जरा थबकतो. वॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, कॅम नाही. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या आहेत आणि वर-खाली जाणारा पिस्टनच त्या उघडतो, मिटतो. 65 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक. एवढ्या साध्या रचनेवर म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने 1961 ते 1996 गाड्या काढल्या. आधी चेक जावा, पुढे यझदी या नावाने.

वडिलांची यझदी मी आणि धाकटा भाऊ बेळगावजवळच्या काकतीतल्या घरी, सोप्यात पोतं अंथरून खोलतो आहोत. रिंग पाने, पक्कड, रॉकेलचा डबा आणि भरपूर चिंध्या. सिलिंडर वर ओढला तशी भावाने आधी क्रँककेसच्या तोंडात चिंधी कोंबली. "दादा, बोट धर. लॉक उडतंय." पिस्टनपिनीचं ते तारेएवढं लॉक आत पडलं, तर सगळी केस फोडावी लागते.

पिस्टन हातात घेऊन उजेडाकडे धरला. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, मागची बाजू मात्र गुळगुळीत. वडील तंबाखूच्या हंगामात निपाणीला जायचे. तवंदीचा घाट चढून इंजिन तापलेलं, आणि उताराला थ्रॉटल मिटून गाडी सोडलेली. या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच येतं. थ्रॉटल मिटला की तेही आटतं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि बिडाला घासतं. त्या रेघा तिथल्याच असाव्यात असं मला वाटतं. वडिलांनी त्या वाटेबद्दल कधी फारसं सांगितलं नाही. त्यांचा घाट मी या धातूवर पाहिला.

रिंगांच्या खाचेत एक बारीकशी पिन असते. रिंगची दोन्ही टोकं तिच्यापाशीच यायला हवीत. ती नसती तर रिंग फिरत फिरत खिडकीसमोर आली असती आणि टोक अडकून मोडली असती. मोहरीएवढ्या त्या पिनेवर सगळ्या इंजिनाचा जीव. ज्याने ती प्रथम योजली त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मग सिलिंडर. वरच्या काठाच्या जरा खाली नख फिरवलं, की पायरी लागते. रिंग जिथवर पोचते तिथवर बीड झिजलेलं, त्याच्या वर कोरं. जुनी रिंग आत सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने पाहिली. पाती एकावर एक लावली तरी ढिली. उद्यमबागेत लेथवाल्याकडे न्यावं लागणार. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला, की हाच सिलिंडर पुन्हा कामाचा. झिजलेली वस्तू घासून, नव्या मापावर आणून पुढे चालवण्याची सोय मुळातच ठेवणारी यंत्रं मला मनापासून आवडतात.

आपल्या भागात अजून कितीतरी परड्यांत पत्र्याखाली यझदी उभ्या आहेत. भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा हेडचे नट सोडा, सिलिंडर उचला आणि पिस्टन उजेडात धरून बघा. किंमत त्यानंतर ठरवा.