भोळा चौकोन

आडवी २१ आणि उभी २१ घरं, तीन कोपऱ्यांत तीन ठसठशीत डोळे, मधे काळ्या-पांढऱ्याची दाटी. भाजीवाल्याच्या गाडीवर लटकणाऱ्या क्यूआर कोडच्याच कुळातला हा. पण तो चारचौघांनी बघावा म्हणून टांगलेला आणि हा कुणाच्याच नजरेला पडू नये म्हणून जपलेला. कारण याच्या पोटात बिटकॉइन वॉलेटचं सीड आहे. ते ज्याच्या हाती, पैसा त्याचा.

एरवी सीड म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द. २०१३ सालच्या बिप-३९ या मानकातल्या २०४८ इंग्रजी शब्दांच्या यादीतून ते येतात. कागदावर उतरवायला सोपे, पण छोट्या यंत्रात एकेक अक्षर निवडत दर वेळी भरायचे म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. त्यावरचा उपाय म्हणजे हा चौकोन, सीडक्यूआर. त्याच्या साध्या रूपात प्रत्येक शब्दाच्या जागी यादीतला त्याचा चार आकडी क्रमांक असतो. बारा शब्दांचे ४८ आकडे झाले की चौकोन २५ बाय २५ चा होतो. आटोपशीर रूपात थेट बायनरी भरतात, म्हणून तो २१ बाय २१ मध्ये मावतो.

मला भावतं ते त्याचं हातानं घडणं. छपाईयंत्राच्या वाटेला त्याला नेऊच नये. सीडसाइनर नावाचं, रास्पबेरी पाय झीरोला कॅमेरा आणि इवलासा पडदा जोडून घरी उभं करता येणारं यंत्र हा चौकोन एकेक तुकडा मोठा करून दाखवतं. आपण आखलेल्या कागदावर बारीक पेनानं घर न घर भरत जायचं. एखाददुसरं घर चुकलं तरी क्यूआरमधली दुरुस्तीची सोय ते सांभाळून घेते. अख्खी ओळच सरकली तर मात्र सगळं मुसळ केरात. म्हणून शेवटी त्याच यंत्राला कागद दाखवून ताळा करायचा. यंत्राची वीज काढली की सीड त्याच्या स्मरणातून जातं. पुढच्या वेळी पुन्हा हाच कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा, की क्षणात वॉलेट उघडतं.

स्वभावानं हा चौकोन फार भोळा. मालक कोण, परका कोण, त्याला कळत नाही. ज्या कॅमेऱ्यानं पाहिलं त्याला तो सगळं सांगून टाकतो. बारा शब्द चोरायला निदान वाचावे लागतात, याचा ओझरता फोटोही पुरतो. आणि फोनमधला फोटो आपण झोपेत असताना क्लाउडवर जाऊन बसतो. त्यामुळे ‘वाचला जातोय का बघू’ म्हणून त्याच्यावर साधा फोन धरणं हा सर्वांत मोठा घात. सीडला वेगळा पासफ्रेज जोडला असेल, तर तो या चौकोनात येत नाही. चोरापासून तेवढा आडोसा मिळतो, पण तो पासफ्रेज दुसरीकडे जपावाच लागतो.

शब्दांचा कागदही टाकू नये. कॅमेरा नसलेल्या किंवा सीडक्यूआर न वाचणाऱ्या वॉलेटपुढे हा चौकोन मुकाच राहतो, आणि आपल्या माघारी घरच्यांच्या हाती कुठलं यंत्र असेल हे आज कोण सांगणार?