हॉर्न, ओके, सॉरी

पहिला पाऊस पडला की मुंबईकराला दोनच गोष्टी सुचतात. कांदाभजी आणि कर्जत. आम्हीही त्याच माळेचे मणी. शुक्रवारी रात्री ग्रुपवर 'उद्या कर्जत?' असा मेसेज पडला आणि पाच मिनिटांत चार 'येस्स' आले. शनिवारी सकाळी सातला दादाची गाडी, म्युझिक फुल्ल आणि स्टिअरिंगवर अस्मादिक!

एक कबूल करते. मी गाडी मस्त चालवते, असं मला वाटायचं. मस्त म्हणजे फास्ट. पुढच्याला डिपर, डावीकडून ओव्हरटेक, गॅप दिसली की घुस. आठवडाभर डेडलाइन्सनी पिळून काढल्यावर वीकेण्डला जरा अॅक्सिलरेटर दाबला तर बिघडलं कुठे?

पनवेलनंतर जुन्या हायवेने चौक फाट्याला आलो आणि डावीकडे वळलो. मागे ढगात अर्धा बुडालेला इर्शाळगड, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरं, मधूनमधून फार्महाऊसच्या पाट्या. गाडीत सगळे 'वॉव' मोडमध्ये. पुढे एक टेम्पो रेंगाळत होता. मी हॉर्न दिला आणि गाडी बाहेर काढली.

समोरून स्कूटर. नवरा, बायको आणि मध्ये पिवळ्या रेनकोटमधली छोटी मुलगी.

टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला म्हणून मला आत शिरता आलं. स्कूटर मात्र साइडपट्टीच्या चिखलात उतरली आणि आडवी झाली. आरशात पाहिलं. तिघंही उठून उभे राहिले होते. बाई मुलीचा रेनकोट पुसत होती.

"ठीक आहेत गं ते, चल," मागून कुणीतरी म्हणालं. "थांबलीस तर गर्दी जमेल. पोलिसांची भानगड कशाला?"

मी थांबले नाही.

कर्जत स्टेशनवर गरमागरम दिवाडकर वडा हातात आला, पण घशाखाली उतरेना. प्लॅटफॉर्मवर पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती. मागून बँकर इंजिनं लागत होती. घाट चढायचा तर मागून रेटा हवाच. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "चढण्याचं काय एवढं? खरी गंमत उतरताना असते."

बोरघाटातली रेल्वे १८६३ची. घाट उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या जागी थांबून दाखवावं लागतं. गाडी ताब्यात आहे, हे सिद्ध झालं की मगच पुढचा रस्ता मिळतो. नाही थांबली, तर रूळ तिला सरळ चढावरच्या कॅच सायडिंगमध्ये नेतात. म्हणजे ज्याच्याकडे वजन आणि वेग जास्त, त्याने आधी थांबून दाखवायचं. रेल्वेला हे कधीच कळलंय. माझ्याकडे लायसन्स होतं, तरी मला कळलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मावशींना सहज विचारलं, "सीझनला धंदा जोरात असेल ना?" त्या म्हणाल्या, "असतो की. पण शनिवार-रविवारी आम्ही पोरांना रस्त्यापलीकडच्या दुकानातसुद्धा पाठवत नाही." रागाने नाही, साखरेचा भाव सांगावा तसं सांगितलं.

आपला वीकेण्ड म्हणजे त्यांची संचारबंदी. हे मला कोणत्याच ट्रॅव्हल गाइडमध्ये वाचायला मिळालं नव्हतं.

रविवारी पळसदरीवरून खोपोलीला गेलो आणि जुना घाट चढून शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, अशी आख्यायिका आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर इथे नाणं टाकतात. १५ एप्रिल २०२३च्या पहाटे याच परिसरात गोरेगावच्या ढोल-ताशा पथकाची बस दरीत कोसळली आणि १३ जण गेले. तेव्हा अंधारात दोर लावून दरीत उतरणाऱ्यांमध्ये खोपोलीची ट्रेकर पोरं होती. गर्दी, पोलीस, भानगड असला विचार करत ती थांबली नाहीत.

आणि ती 'भानगड' तरी किती खरी आहे? मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, नाव सांगायची सक्ती करू नये, या नियमांवर सुप्रीम कोर्टाने २०१६मध्येच शिक्कामोर्तब केलं. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही आली. आणि अपघातात ज्याची गाडी गुंतलीय, त्याने थांबून जखमींना मदत मिळवून देणं तर बंधनकारकच आहे. म्हणजे माझं न थांबणं प्रॅक्टिकलबिक्टिकल काही नव्हतं. ते पळून जाणं होतं.

परतताना सगळे म्हणाले, "खालापूरहून एक्स्प्रेसवे पकड, तासात पनवेल." २००२मध्ये पूर्ण झालेला हा सहा पदरी रस्ता मला भारी आवडायचा. पण याच रस्त्यावर २०१६ या एका वर्षात १५१ माणसं गेली होती. पुढे बॅरिअर्स, कॅमेरे, कडक तपासणी असं बरंच काही झालं आणि आकडा खूप खाली आला. म्हणजे ती सगळी माणसं काही नशिबाने मेली नव्हती.

मी एक्स्प्रेसवे घेतला नाही. जुन्या हायवेने चौकला आले आणि गाडी पुन्हा कर्जत रोडला घातली. ती जागा सापडली. चिखलातला ओरखडा पावसाने धुऊन टाकला होता. टेकायला थांबलेल्या एका आजोबांना विचारलं. त्यांना त्या स्कूटरबद्दल काही माहीत नव्हतं. कुणाला सॉरी म्हणणार?

गाडी वळवली. पुढे एक सायकलवाला कॅरिअरला गवताचा भारा बांधून चालला होता. रस्ता अरुंद, समोरून वाहनं. मी मागेच राहिले. माझ्या मागची गाडी हॉर्नवर हॉर्न, डिपरवर डिपर. आरशात चेहरा दिसला. माझ्याच वयाची होती, गॉगल वगैरे लावलेला.

मी डावीकडेच राहिले. भाऱ्यातलं गवत वाऱ्यावर हलत होतं. फाट्याला पोचायला सहा मिनिटं जास्त लागली. मी घड्याळ लावून बघितलं.