पाठमोरे वर्तुळ

बॅगपाइप हे मोठे हट्टी वाद्य. त्याच्या वाजवायच्या नळीत स्वर नऊच. एकदा पिशवीत हवा भरली की नाद अखंड चालू राहतो. मध्ये विराम घेता येत नाही, आवाज लहानमोठा करता येत नाही. तोच स्वर पुन्हा वाजवायचा तर मध्ये निमिषभर दुसरा स्वर टोचावा लागतो. लय, आघात, भाव यांचा सारा संसार या निसटत्या स्वरांवर चालतो. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला ही अडचण ओळखीची वाटावी.

या वाद्याच्या वृंदांची जागतिक स्पर्धा १९४७मध्ये स्कॉटलंडात सुरू झाली. १९८७ साली तिच्यातली सर्वोच्च श्रेणी कॅनडातील ओंटारिओच्या ‘सेव्हन्टीएट्थ फ्रेझर हायलँडर्स’ या वृंदाने जिंकली. समुद्रापलीकडच्या वृंदाला हा मान प्रथमच मिळत होता. प्रमुख वादक होते बिल लिव्हिंगस्टन.

वृंदाचे नावही अर्थपूर्ण आहे. कलोडनच्या १७४६मधील पराभवानंतर बंडखोर लॉर्ड लोव्हॅटचा १७४७ साली शिरच्छेद झाला. त्याच्याच मुलाने, सायमन फ्रेझरने, १७५७मध्ये त्याच राजसत्तेसाठी एक पलटण उभी केली. ती १७५९ साली क्वेबेकला लढली, १७६३मध्ये मोडली गेली आणि तिच्यातले काही सैनिक कॅनडातच स्थायिक झाले. म्हणजे ज्या नावाने हा वृंद मायदेशी परतला, त्या नावातच पराभव, तडजोड आणि स्थलांतर गोठलेले होते.

त्या विजयाच्या काही दिवस आधी उत्तर आयर्लंडमधील बॅलिमिना येथे या वृंदाची मैफल झाली. तिच्या ध्वनिमुद्रणात ‘जर्नी टू स्काय’ ही दीर्घ रचना आहे. स्कॉटलंडच्या त्या बेटाकडे निघालेला हा प्रवास दूरदेशीच्या वादकांनी वाजवावा, यातच मला त्याचे मर्म दिसते. दुरून आलेल्याला परंपरेची सहजता गृहीत धरता येत नाही. ती त्याला स्वर स्वर घासून मिळवावी लागते. आणि कदाचित म्हणूनच तिच्या सीमा ढकलण्याचे धैर्यही त्याच्यात येते.

हे मी बडोद्यात बसून लिहितो आहे. येथे मराठी शिकवताना, ‘तुमची मराठी जरा वेगळीच’ हे पाहुण्यांचे कौतुक वारंवार ऐकावे लागते. त्यात कौतुक किती आणि निवाडा किती, हे विद्यार्थ्यांना बरोबर कळते. त्यांच्यातली एखादी मुलगी मग कविता लिहिते, पण वाचून दाखवायला कचरते.

स्पर्धेत हे वृंद ढोलांच्या गजरासह चालत येतात आणि वर्तुळ करून उभे राहतात. तोंडे आत, प्रेक्षकांकडे पाठ. परीक्षक भोवती फिरत राहतात. वादक मात्र एकमेकांची बोटे पाहत, एकमेकांचा सूर ऐकत वाजवतात. त्या मुलीला मी एवढेच सांगू इच्छितो: परीक्षक भोवती असणारच, आपण आधी सोबतच्यांचा सूर ऐकावा.