नाकावरचा रंग

छायाचित्रकार अँजेलिका दास मूळच्या ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या, राहायला स्पेनमध्ये माद्रिदला. २०१२ मध्ये त्यांनी ‘ह्युमाने’ हे काम हाती घेतलं. समोरच्या माणसाचा साधा फोटो काढायचा, नाकावरचा ११ बाय ११ पिक्सेलचा तुकडा घ्यायचा, तो रंग पँटोनच्या रंगसूचीत शोधायचा आणि पार्श्वभूमी त्याच रंगाने भरायची. खाली त्या रंगाचा क्रमांक. नाव नाही, देश नाही. भूमध्य समुद्र ओलांडून आलेला निर्वासित आणि गडगंज श्रीमंत शेजारीशेजारी.

हजारोंच्या या चेहऱ्यांत मी गोरा माणूस शोधू लागले आणि चक्रावले. पांढरं कुणीच नाही. काळंही नाही. गुलाबी, मातकट, तांबूस, तपकिरी, आणि प्रत्येकाची छटा वेगळी.

शास्त्र म्हणून ही पद्धत कच्ची आहे. उन्हाने, थंडीने, सर्दीने नाक लाल होतं. पण मला तीच तिची ताकद वाटते. जो रंग ऋतूबरोबर बदलतो, त्यावरून माणसाचा वंश आणि पायरी ठरवायची कशी?

कॅमेऱ्याने मात्र ती पायरी फार काळ जपली. प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅक प्रयोगशाळांना एक नमुना पाठवत असे, ‘शर्ली कार्ड’. त्यावर गोरी तरुणी. तिची कांती नीट उमटली की यंत्र बरोबर! गोऱ्या मुलांबरोबर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे चेहरे फोटोत अंधारात बुडत. तपकिरी छटांकडे कंपनीचं लक्ष गेलं, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारी होत्या. लाकडाची तक्रार ऐकली गेली, लेकरांची नाही. याचा मला आजही संताप येतो.

पँटोनच्या क्रमांकाने भेदभाव संपत नाही, हे दास यांच्याइतकं कोण जाणेल? नात्यातल्या मुलीबरोबर चालताना लोक त्यांना तिची आया समजत. मित्रांकडच्या पार्टीत स्वयंपाकघरात हात लावला की मोलकरीण.

आपल्याकडेही स्थळासाठी फोटो काढताना स्टुडिओत न विचारता चेहरा दोन छटांनी उजळला जातो, आणि घरचे खूश होतात. शर्ली कार्ड गेलं, सवय राहिली. पुढच्या वेळी मुलीचा फोटो काढायला जाल, तेव्हा फोटोग्राफरला एवढंच सांगा: रंगाला हात लावू नका.