मंगळावर अडकलेली किल्ली

४ जुलै १९९७ रोजी मंगळावरील आरेस व्हॅलिस या प्राचीन पूरमैदानावर हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेले एक यान आदळले, चेंडूसारखे उसळत राहिले आणि अखेर स्थिरावले. ‘मार्स पाथफाइंडर’ हे त्याचे नाव. त्याच्यावरून उतरलेली, सुमारे साडेदहा किलो वजनाची ‘सोजर्नर’ ही चिमुकली गाडी जगभरच्या वर्तमानपत्रांची लाडकी झाली. या धाग्याचा विषय मात्र ती गाडी नव्हे. यानातल्या संगणकात रांगेत उभी असलेली कामे, आणि त्या रांगेत कोणी कोणाला अडवले, हा तो विषय आहे.

हवामानाची मोजमापे सुरू होऊन फार दिवस लोटले नव्हते, तोच यानाचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. आधी जमवलेली माहिती नष्ट होत नसे, पण त्या दिवसाची उरलेली कामे जागीच थांबत आणि दुसऱ्या दिवसावर जात. यानाचे नियोजित आयुष्य अवघे ३० दिवसांचे होते. त्या हिशेबात असा प्रत्येक दिवस म्हणजे गाठीची पुंजी. संगणकावर एकाच वेळी फार कामे लादली गेली, असे सोपे निदान वर्तमानपत्रांनी छापून टाकले. ते फार तर अर्धे खरे होते.

यानात मुख्य प्रोसेसर एकच होता, आरएडी-६०००. त्यावर विंड रिव्हर कंपनीची व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम चाले. ‘रिअल-टाइम’ म्हटले की ‘अतिवेगवान’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. येथे प्रश्न वेगाचा नसून मुदतीचा असतो: ठरलेले काम ठरलेल्या क्षणाच्या आत झाले की नाही? म्हणून प्रत्येक कामाला एक प्राधान्य दिलेले असते. वरच्या प्राधान्याचे काम तयार झाले, की खालचे काम हातातले तसेच टाकून बाजूला होते.

ही प्राधान्ये कशी ठरवावीत, याचे गणित १९७३ साली सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी एका निबंधात मांडले. जे काम अधिक वेळा करावे लागते, त्याला वरचे प्राधान्य द्यावे, असा त्यांचा नियम होता. असे केल्यास, आणि प्रोसेसरवरचा एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत ठेवल्यास, कामे कितीही असली तरी कोणाचीही मुदत चुकणार नाही, हे त्यांनी सिद्ध केले. यातले लेलँड पासाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करत होते. पाथफाइंडर पुढे त्याच संस्थेत घडले.

त्या सिद्धान्ताला मात्र एक अट होती. कामे एकमेकांपासून स्वतंत्र असावीत, एकाला दुसऱ्यासाठी थांबावे लागू नये. प्रत्यक्षातली कामे अशी सोवळ्यात राहत नाहीत.

एखादी जुनी कचेरी डोळ्यांसमोर आणावी. दफ्तरखान्याची किल्ली एकच. सर्वांत कनिष्ठ कारकून ती घेऊन आत गेला आहे. मामलेदारांना त्याच दफ्तरातला कागद तातडीने हवा आहे, पण किल्ली परत येईपर्यंत त्यांनाही थांबणे भाग आहे. इथवर ठीक. आता मधल्या फळीतले अव्वल कारकून येतात. त्यांना ना किल्ली हवी, ना दफ्तर. ते फक्त त्या कनिष्ठाला बाजूला सारून आपापली कामे उरकत बसतात. कनिष्ठाचे काम संपत नाही, म्हणून किल्ली सुटत नाही, म्हणून मामलेदार उभेच. मधल्यांनी मामलेदारांना थेट अडवलेले नाही, आणि तरीही अडवलेले आहे. याला ‘प्राधान्य-विपर्यय’ म्हणता येईल. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी मेसा या भाषेच्या अनुभवांवरील १९८० च्या लेखात या अडचणीची नोंद करून ठेवली होती.

पाथफाइंडरवर नेमके हेच घडले. यानाच्या काही उपकरणांना, त्यांत हवामानाच्या उपकरणालाही, संगणकाशी जोडणारी एक माहितीवाहिनी होती. तिचे चक्र सेकंदाला आठ वेळा फिरे. एक काम पुढच्या चक्राचे नियोजन करी, दुसरे आलेल्या माहितीचे वाटप करी, आणि दोघांनाही जवळजवळ सर्वोच्च प्राधान्य होते. हवामानाच्या कामाचे प्राधान्य खालचे होते. वाटप करणारे काम ज्या मार्गाने त्याला माहिती पोहोचवी, त्या मार्गाच्या पोटात ऑपरेटिंग सिस्टीमचे स्वतःचे एक कुलूप होते. तंत्रज्ञ त्याला म्युटेक्स म्हणतात. हवामानाच्या कामाने ते कुलूप घेतले, मधल्या प्राधान्याच्या कामांनी त्याला बाजूला सारले, आणि वाटप करणारे काम ताटकळत राहिले. पुढच्या चक्राच्या वेळी नियोजन करणाऱ्या कामाला दिसले की मागचे वाटप अपुरेच आहे. याचा अर्थ काहीतरी गंभीर बिघडले आहे, असे त्याला शिकवलेले होते. त्याने रीसेट पुकारला. प्रत्येकाने आपले काम नियमानुसारच केले होते.

हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत दिसलाच नव्हता, असेही नाही. तसे रीसेट आढळले होते, परंतु शोधायला जावे तेव्हा ते पुन्हा घडत नसत. त्या काळात सर्वांचे लक्ष उतरण्याच्या सॉफ्टवेअरवर होते, कारण तिथे चूक झाली असती तर पुढे काही उरलेच नसते. ही निवड हलगर्जीपणाची म्हणणे अन्यायाचे होईल. प्राधान्ये माणसांच्या कामांनाही लावावी लागतात. शिवाय मंगळावरून येणाऱ्या माहितीचा वेग अपेक्षेपेक्षा चांगला निघाला आणि वैज्ञानिक कामे चाचणीत कधी नव्हती इतकी वाढली. वाईटात वाईट परिस्थितीची तयारी झाली होती, इतक्या चांगल्याची झाली नव्हती.

सॉफ्टवेअर पथकाचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज आणि त्यांचे सहकारी यांनी पृथ्वीवरची जुळी यंत्रणा सुरू केली, प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवणारी सोय चालू केली आणि वाट पाहत बसले. १८ तासांच्या आत दोष हाती लागला.

उपाय सात वर्षांपूर्वीच छापलेला होता. लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० च्या निबंधात ‘प्राधान्य-वारसा’ मांडला होता: किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला, ती परत करेपर्यंत, थांबलेल्या वरिष्ठाचे प्राधान्य उसने द्यावे. म्हणजे मामलेदार थांबले आहेत तोवर कनिष्ठाला कोणी हात लावायचा नाही. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीच. त्या एका कुलपापुरती ती बंद होती. ती चालू केल्याने दुसरे काही बिघडणार नाही ना, याची विंड रिव्हरच्या मदतीने कसून तपासणी झाली आणि मग बदल मंगळाकडे पाठवला गेला. संदेश तिथे पोहोचायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. त्या कारणाने होणारे रीसेट थांबले. ३० दिवसांसाठी पाठवलेले यान २७ सप्टेंबरपर्यंत बोलत राहिले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे रिअल-टाइम प्रणालींची परिषद भरली. विंड रिव्हरचे डेव्हिड विल्नर यांनी तिथे ही सारी हकीकत सांगितली. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की हे तिघेही श्रोत्यांत बसलेले होते. सभागृहाने टाळ्या वाजवल्या त्या त्यांच्यासाठी.