एका चुलीचा सातबारा

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातली मोठी घरं भाताने बांधून ठेवली होती, असं माझं ठाम मत आहे. मायेचं नाव पुढे होतं, ती मायाही खरी होती. पण घर एकत्र ठेवलं ते खाचरांनी. जूनच्या पहिल्या पावसावर पेरलेलं आवण तीन-साडेतीन आठवड्यांत उपटून लावावंच लागतं. ते जून झालं की फुटवे कमी येतात. वर घाटमाथ्यावरून कोसळणारा पाऊस, हातात मोजके दिवस आणि शिवारभर विखुरलेले तुकडे. मजुरीला पैसा नसला की हात घरातच असावे लागतात.

आमच्या घरात ते होते. आजा-आजी, तीन चुलते, त्यांच्या बायका, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली आत्या आणि आम्ही चुलत भावंडं, सगळी मिळून तीसेक माणसं. एक चुलता रेल्वेत होता. घाटात गाडी १८६३ साली चढली, तेव्हापासून कर्जत स्टेशनाने इथल्या कितीतरी घरांना रोख पगाराचा एक माणूस दिला आहे. त्याच्या पगारातून आगोटीचा बाजार यायचा: सुकट, बोंबील, कांदे, मिठाचं पोतं. बाकीचे शेतात. आमचं गाव राजनाल्याच्या कालव्याखाली. भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२ पासून चालू आहे. वीज काढून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं आणि कालव्याने आमच्या खाचरांत. त्यामुळे शेजारच्या कोरडवाहू गावांत पावसाळ्यानंतर वालावर भागायचं, तेव्हा आमच्याकडे उन्हाळी भाताची दुसरी लावणी उभी राहायची. हातांची गरज वर्षभर. म्हणूनच आमची चूल आजूबाजूच्यांपेक्षा उशिरा फुटली.

त्या घरात वाढणं हे मोठं भाग्य होतं, हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगते. कोण कुणाचं पोर हे पाहुण्यांना कळत नसे. मी माझ्या आईला ‘वहिनी’ म्हणत असे, कारण धाकटे काका तसं म्हणत. थोरल्या काकूला सगळी पोरं ‘मोठी आई’ म्हणत. ताप आला की ज्या मांडीवर झोप लागेल तिथे झोपायचं. अभ्यास चुकला तर ओरडायला चारजणं असत आणि जवळ घ्यायलाही चारजणं. थंडीत शेताच्या बांधावर पोपटी लागली की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी हे सगळं रचायचं काम पोरांकडे. शेंगा सर्वांना सारख्या मिळाल्या का, हे आत्या बघायची. तिच्या वाटपावर कधी भांडण झालं नाही.

या आत्याबद्दल मला बोलायचं आहे.

फेब्रुवारी-मार्चात राब भाजायचे. पातेरा, शेण, गवत, वरून मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग, म्हणजे ती हळूहळू सरकत जमीन नीट भाजते. ही आग आत्याच लावायची. वारा कुठून येतो ते तिला पदराच्या हालचालीवरून कळे. लावणीत इरलं घेऊन ती ओळीच्या कडेला उभी राही, तिच्या वेगावर बाकीच्यांचा वेग ठरे. संध्याकाळी घरी येऊन तांदळाच्या भाकऱ्या थापायला पुन्हा तीच. पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग सुनांची. ती सर्वांत शेवटी, चुलीजवळ, उरलेल्या कालवणावर. पोटभर जेवली का, हे तिला कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मोठ्या घराची ऊब आम्हा पोरांच्या वाट्याला आली, तिचं सरपण कुणीतरी होतं.

इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या भारतीय नातेसंस्थेवरच्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या आहेत: एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक कुळाचार आणि आपसातलं नातं. आत्या छपराखाली होती, चुलीपाशी होती, देवापाशी होती. मालमत्तेत मात्र ती कुठे होती?

आजा गेल्यावर सातबाऱ्यावर थोरल्या काकांचं नाव लागलं, त्यापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तीस माणसांचे कष्ट त्या एका नावामागे. आत्याचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात. रायगडच्या कितीतरी जुन्या उताऱ्यांवर लेकींची नावं अशीच त्या रकान्यात पडून आहेत.

पुढे चुली वेगळ्या झाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळीकडे होतं तसंच झालं. खरी उलथापालथ जमिनीच्या भावाने केली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मुंबई जवळ आली, आणि फार्महाऊसवाल्यांचे दलाल बांधाबांधाने फिरू लागले. व्यवहाराला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. वर्षानुवर्षं ज्यांना बोलावणं नव्हतं त्या खोपोलीच्या, चौकच्या, नेरळच्या आत्या एकदम आठवल्या. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्यांना बाकावर बसवलं, चहा दिला, साडी-चोळी दिली. हक्कसोडपत्रावर अंगठे आणि सह्या झाल्या. दस्त कुणी वाचून दाखवला नाही. आमची आत्याही त्या रांगेत होती. ज्या खाचरात तिने उभा जन्म वाकून काढला, त्यावरचा हक्क तिने भावांची मनं राखायला सोडला.

कायदा तिच्या बाजूने होता. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ती अट उरली नाही. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. ‘लेकीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं’ असं मात्र आमच्याकडे अजूनही म्हटलं जातं, आणि ते बायकाच बायकांना सांगतात. मला हे पटत नाही. मोठ्या घराचा अभिमान खरा असेल, तर राबणाऱ्या प्रत्येक हाताचं नाव कागदावर सहन करण्याइतका तो मोठा असायला हवा.

कर्जत-खालापुरातल्या माझ्या भावांनो, पुढच्या वेळी हक्कसोडपत्र करायचं ठरेल तेव्हा बहिणीला कचेरीत बोलावण्याआधी तिच्या घरी जा. दस्त तिच्या हातात द्या, वाचायला वेळ द्या, जमिनीचा आजचा भाव खरा सांगा. आणि ती नाही म्हणाली, तरी गौरीला तिला न्यायला जा.