दोन ठिपके

ठिपका सरकलाय, असं मला गेल्या हिवाळ्यापासून वाटत होतं.

माझ्या स्कोपच्या फोकसच्या कड्यावर नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके आहेत. बायकोच्या बाटलीतले, बोटाला अंधारातही लागतील असे जाड. नळीवरच्या रेघेशी पहिला जुळवला की पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातलं गोळीचं भोक दिसतं. दुसरा जुळवला की भोक पिंजलेल्या कापसासारखं होतं आणि मधली हवा दिसायला लागते. वीस वर्षं या दोन ठिपक्यांवर माझं काम चाललं. मग हळूहळू पहिला ठिपका जुळवूनही भोक स्वच्छ येईना. केसभर पुढे फिरवावं लागे, महिन्याभराने आणखी केसभर. कडं ढिलं झालं, असं मी ठरवून टाकलं. वस्तू म्हातारी झाली असं म्हणायला जीभ चटकन वळते.

रेंजवर माझी थोडी ख्याती आहे. पदकांची नाही, ती राज्य पातळीवर संपली. ख्याती आहे ती भोक वाचण्याची. प्रोनवाल्यांना, म्हणजे पालथं पडून गोळी मारणाऱ्यांना, सांगायला नको, पण चांगल्या नेमबाजाला शिक्षाच अशी असते की त्याची सगळी भोकं काळ्यात जातात. ११२.४ मिलिमीटरचा काळा गोल, त्यात ५.६ मिलिमीटरची गोळी, आणि कागदाचे फाटके काठ पुन्हा मिटून भोक आणखी बारीक करतात. काळ्यावर काळं. नवखा म्हणतो, ‘गोळी लागलीच नाही.’ मग हाक येते, ‘सर, बघा की जरा.’ मी सावकाश आडवा व्हायचो, डावा डोळा लावायचो आणि सांगायचो, ‘नऊ. साडेचार वाजता. रेघेला चाटून.’ कागद आला की तसंच असायचं. लोक हसून मान हलवायचे. ती मान हलवणं मला फार आवडायचं. स्वतःचा दहा पाहण्याइतकंच.

फेब्रुवारीत माझी एक विद्यार्थिनी कागदावर सराव करत होती. इलेक्ट्रॉनिक लेन भरल्या होत्या आणि तिच्याकडे स्वतःचा स्कोप नव्हता. पहिली गोळी गेली. ‘सर, कुठंय?’

मी पाहिलं. काळ्यात राखाडी धूर होता. भोक नव्हतं. मी झेंड्याकडे पाहिलं. वारा डावीकडून होता. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी असल्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली, चार वाजण्याच्या बाजूला जाते. म्हणून मी म्हणालो, ‘नऊ. चार वाजता. साइट चार क्लिक डावीकडे घे.’

मी ते भोक पाहिलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला कितीतरी महिने लागले.

तिने चार क्लिक घेतले आणि पाच गोळ्या मारल्या. कागद आला. पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी एकत्र, सगळी डावीकडे, नवात. आणि पहिली गोळी दहाच्या मधोमध, एकटी. दहाचं वर्तुळ सगळं मिळून १०.४ मिलिमीटरचं; ती अगदी त्याच्या पोटात होती. तिने कागद उजेडाकडे धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘सर, स्कोपला ओल लागली असंल. पाऊस लई झाला यंदा.’

पोरगी शहाणी. मला पळवाट दिली आणि मी त्या वाटेने चार महिने पळालो.

ओल ही काही खोटी सबब नाही. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये काचेवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. म्हणून मी स्कोप घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो आणि पुड्या गुलाबी पडल्या की तव्यावर भाजून पुन्हा निळ्या करतो. तरीही स्कोप मुंबईला दुरुस्तीला पाठवला. निरोप आला, ‘काचा स्वच्छ आहेत, कडं घट्ट आहे. काय दुरुस्त करू?’ मी त्या कारागिराला मनातल्या मनात अडाणी ठरवलं आणि नवा स्कोप शोधायला लागलो.

मार्चपासून तीन स्कोप उसने आणून पाहिले. पहिला पुण्याच्या एका मित्राचा, ऑस्ट्रियन. त्याची किंमत तो न विचारता सांगतो. काच अशी की झेंड्याच्या कापडाची वीण दिसावी. मला त्यातही धूर दिसला. मी म्हणालो, ‘रंग थोडा पिवळा देतो रे तुझा.’ तो दुखावला. मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. आमचं चाळीस वर्षांचं वैर स्नेहातच मुरलेलं आहे. त्याने मला सामन्यांत जितक्यांदा हरवलं, तितक्यांदा मी त्याचं सामान नापास केलं.

दुसरा ८० मिलिमीटरचा, तोफेसारखा. पन्नास मीटरला एवढी काच म्हणजे गल्लीत फिरायला ट्रक. तीनशे मीटरवाल्यांनी तो बाळगावा. बावीस बोअरला ६० मिलिमीटरच्या भिंगातून एकेक मिलिमीटर वेगळा दिसतो. तिसरा वीस ते साठ पटींचा झूम. दुकानदार ‘साठ पट’ म्हणतो आणि गिऱ्हाईक पाकीट काढतं. पण ६० मिलिमीटरच्या काचेवर साठ पट लावली की डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा झोत एक मिलिमीटरचा उरतो. वीस पटीला तो तीनचा असतो. शिवाय सकाळी अकराच्या उन्हात भोक साठपट होतं तशी हवेची थरथरही साठपट होते. पोहऱ्यातल्या हलत्या पाण्यात चंद्र बघावा तसा काळा गोल दिसतो. ज्याला हे कळत नाही त्याने खुशाल झूम घ्यावा.

पण सगळ्यांत अवघड प्रश्न काचेचा नाही, गालाचा आहे. त्याच्याभोवती मी आयुष्यभर घिरट्या घातल्या. गाल एकदा रायफलच्या चीकपीसवर बसला की तो साठ गोळ्या तिथून हलू नये. गाल उचलला की मान बदलते, मान बदलली की नेम धरायच्या डायोप्टरमागचा डोळा बदलतो आणि मग तुम्ही मारता ती साठ गोळ्यांची मालिका नव्हे, साठ वेगवेगळे सामने असतात. म्हणून स्कोपने डोळ्याकडे यावं, डोळ्याने स्कोपकडे जाऊ नये. आयपीस तिरकी हवी, पंचेचाळीस अंशांची, आणि नळी स्वतःभोवती फिरवून ती नाकाकडे झुकवता आली पाहिजे. चष्मा असेल तर डोळा वीसेक मिलिमीटर मागे असतानाही पूर्ण गोल दिसला पाहिजे; नाहीतर चष्म्याची काच रबरावर आपटते आणि स्कोप जेमतेम दोन मिलिमीटर हलतो, म्हणजे लक्ष्य शेजारच्या लेनवर जातं. मी एकदा शेजाऱ्याचे तीन दहा माझे समजून मनातल्या मनात मिरवलेत.

हे दुकानात उभं राहून कळत नाही. काउंटरवरून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून स्कोप निवडणं म्हणजे मुलीचा आवाज फोनवर ऐकून लग्न ठरवणं. २००४ साली मुंबईत फोर्टातल्या एका दुकानात मी सरळ फरशीवर पालथा पडलो. डावा हात पुढे ताणला, उजवा गाल कल्पनेतल्या बटवर टेकवला आणि दुकानदाराला म्हणालो, ‘आता तो इथे, डोळ्यापाशी धरा.’ दारात उभ्या बाईंना वाटलं मला फीट आली. त्या पाणी आणायला धावल्या. दुकानदार मात्र पारखी. गुडघ्यावर बसून त्याने चार स्कोप एकामागून एक धरले. तिसऱ्याला गाल जागचा हलला नाही. किंमत त्यानंतर विचारली, ही माझी आयुष्यातली एकमेव व्यवहारशून्य खरेदी.

स्टँड मात्र विकत मिळेना. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचे पाय प्रोनमध्ये कोपराला लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी भंगारातलं ओतीव चाक घेतलं, मधे भोक पाडून उभा दांडा बसवला, त्यावर आडवा दांडा आणि पितळी पेचाची पकड. वजन नऊ किलो. मी म्हणालो, ‘काका, जड झालं.’ ते म्हणाले, ‘जड झालंय म्हणूनच हालंना. तुमास्नी काय पळवून न्यायचंय व्हय?’ त्याच संध्याकाळी ठिपके लावले.

ठिपके दोन का, हे मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगायचो. एक भोकाचा, एक हवेचा. स्कोपचं खरं काम दुसरं. फोकस लक्ष्याच्या अलीकडे आणला की तापलेल्या हवेच्या लाटा दिसतात. डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वारा डावीकडून. नुसत्या उकळीसारख्या वर जात असतील तर वारा पडलेला, नाहीतर सरळ तोंडावर किंवा पाठीवर. झेंडा थोराड असतो, त्याला हलायला वेळ लागतो. त्या लाटांचा मिराज चुगलखोर, तो आधी सांगतो. आणि सेकंदाला एक मीटरचा आडवा वारासुद्धा बावीस बोअरची गोळी पन्नास मीटरवर जवळपास एका वर्तुळाइतकी ढकलतो. म्हणून गोळीच्या आधी हवा बघा, असं मी सांगायचो. आणि स्वतः गोळीनंतर भोक बघायचो. दहा असेल तर दोनदा.

आता तर इलेक्ट्रॉनिक लेनवर भोकच उरलं नाही. गोळी गेली की बाजूच्या पडद्यावर ठिपका येतो, दशांशासकट आकडा येतो. प्रोनही उरला नाही. रिओनंतर ऑलिम्पिकमधून पुरुषांचा प्रोन काढला. २०१० साली म्युनिकला आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने जागतिक स्पर्धेचं सुवर्ण घेतलं ते पन्नास मीटर प्रोनमध्येच, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनचं कांस्य आणल्यापासून आई-बाप मुलांचे हात धरून रेंजवर येतात. आनंद आहे. पण त्यातली बहुतेक मुलं दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये एअर रायफलवर वाढतात. छपराखाली वाढलेल्या रोपासारखी. आकडे सरळ, देठ सरळ, आणि वाऱ्याची ओळख नाही. बाहेर आली की ६२० गुण मारणारी पोर भांबावते आणि म्हणते, ‘सर, माझी रायफल बिघडली.’

मी हसायचो. यंदा हसू आलं नाही. माझाही स्कोप बिघडला होता ना!

जूनमध्ये बायकोने चष्म्याचा नंबर काढायला नेलं, तिच्यासाठी. तिच्याबरोबर माझेही डोळे तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘डाव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. मधला भाग घट्ट झाला की डोळ्याचा नंबर आपोआप वजाकडे सरकतो. लक्षात नाही आलं?’ आलं होतं. केसभर, मग आणखी केसभर. मी त्याला ढिलं कडं म्हणत होतो. निशाण घेणारा उजवा डोळा बरा होता, त्यामुळे बिंग फुटलं नव्हतं. ‘वाचन किती करता? गाडी चालवता?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘पन्नास मीटरवरचं भोक बघतो.’ त्यांनी ते कागदावर लिहिलं की नाही ठाऊक नाही.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याने रेंजवर गेलो. आधी कागदच पाहिला. इतकी वर्षं मी त्याला सायीच्या रंगाचा समजत होतो. तो पांढरा होता, कडेला निळसर झाक असलेला. मग उजव्या डोळ्याने पाहिलं. पुन्हा साय. म्हणजे तोही निघालाय त्याच वाटेने. आणि पुण्याच्या मित्राचा स्कोप पिवळा नव्हता. त्याला फोन करायचा राहिलाय.

पहिला ठिपका जुळवला. भोक नाही. दुसरा जुळवला. हवाही नाही. डोळ्यात नवं भिंग, नवा नंबर. दोन्ही ठिपके आता दुसऱ्याच कुणाच्या डोळ्याचे होते. अॅसिटोनने पुसले. वीस वर्षांची नेलपॉलिश कापसावर गुलाबी उतरली.

दरम्यान त्या विद्यार्थिनीने स्वतःचा स्कोप घेतला. मला न विचारता. पन्नास मिलिमीटरचा, एकाच पटीचा, साधा. मी लगेच म्हणालो, ‘यातून काळ्यातलं भोक दिसणार नाही.’ ती म्हणाली, ‘भोक पडद्यावर दिसतंय की, सर. मला हवाच बघायचीय.’ मग तिने गाल टेकवला, डावा डोळा नुसता वळवला, थांबली, लाट मंदावली तशी गोळी सोडली. नंतर स्कोपकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या गोळीकडे वळली. मी वीस वर्षं जे सांगत होतो ते तिने केलं, आणि मला तिचा राग आला.

फेब्रुवारीतल्या त्या गोळीबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. ओलीवरच ते मिटलंय.

मी घरी येऊन बायकोकडून नवी बाटली घेतली आणि ठरवलं, या वेळी एकच ठिपका, हवेचा. दुसऱ्या दिवशी रेंजवर लाट स्वच्छ दिसेपर्यंत कडं फिरवलं, लाल थेंब लावला, फुंकर मारून वाळवला. चार दिवस तसाच सराव केला. हवा बघायची, गोळी सोडायची, गाल तिथेच. बरं चाललं होतं. पाचव्या दिवशी शेजारच्या लेनवरून एका लहान मुलाची हाक आली, ‘सर, बघा की जरा, गोळी लागलीच नाही.’

दुसरा ठिपका मी त्याच संध्याकाळी लावला.